तिसरं काज

तिने दोरा मेणावरून दोनदा ओढला, त्याचा पीळ सरळ केला आणि तिसऱ्या काजाला सुई घातली. पहिली दोन झाली होती. ती आधी छिन्नीने कापून मग कडा शिवलेली. तिसऱ्याला छिन्नी लागणार नव्हती. कापडावर खडूची एक रेघ, रेघेच्या दोन्ही अंगांना दाट टाके, टोकाला एक आडवा टाका, की संपलं. बघणाऱ्याला काज दिसायचं. बोट घालू गेलं तर नुसतं कापड.

या दुकानात कोटाचं तिसरं काज कापतच नसत. मास्तरांचा नियम. कोटाचं शेवटचं बटण लावायचं नसतं, हे ते गिऱ्हाइकाला ट्रायलच्या वेळी सांगत, कोट हातात देताना पुन्हा सांगत, आणि गिऱ्हाईक दुकानाबाहेर पडल्यावर पहिलं काम काय करी, तर मान खाली घालून शेवटचं बटण लावी. मास्तर हे काचेतून बघत आणि कपाळाला हात लावत. अशी दहा वर्षं काढल्यावर त्यांनी एक दिवस फर्मान काढलं.

"माणसाला सांगून कळत नाही, बाई. आता कापडालाच सांगून ठेवू."

त्यालाही एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तक्रार घेऊन एकही माणूस आला नव्हता. एक तर सगळे शहाणे झाले होते, नाहीतर प्रत्येकाला वाटत होतं की आपलीच बोटं जाड आहेत.

ती मात्र तिसरं काजही पहिल्या दोनांसारखंच करायची. तितकेच टाके, तितकाच वेळ. दुपारी तीननंतर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं, आणि खांद्यापासून कोपरापर्यंतचा हात आपला नसून दुकानाच्या सामानापैकी आहे असं वाटायचं. तरीही तेवढेच टाके. जे कोणी कधी वापरणार नाही ते तरी नीट दिसायला नको का?

"झाला का साहेबांचा कोट?" मास्तरांनी कापायच्या टेबलावरून विचारलं.

"कसले साहेब. आधी खुर्ची तर मिळू दे."

"मिळेल हो. डावीकडे जरा सैल सोडलाय मी. हे कापड डावीकडे आखडतं."

तिने मान वर केली नाही. कापड कुठेच आखडत नव्हतं. गेल्या आठवड्यात मास्तरांनी स्वतः तिच्या नवऱ्याची मापं घेतली होती. कमरेभोवती टेप फिरवताना डावीकडे त्यांचा हात एकदा थबकला होता, मग काही झालंच नाही अशा थाटात पुढे गेला होता. वहीत आकडा लिहिताना मास्तर कधी नव्हे ते शीळ घालत होते.

कोटही तसा मास्तरांनीच काढून दिलेला. एका गिऱ्हाइकाने ट्रायल दिली आणि पुन्हा तोंड दाखवलं नाही. त्याचा अर्धवट कोट तीन वर्षं खुंटीवर लटकत होता. "जागा अडवून बसलाय नुसता," म्हणत मास्तरांनी तो उसवला आणि नवऱ्याच्या मापाचा केला. राहिली होती ती काजं आणि बटणं.

नवरा लिफ्टमन होता. सात मजल्यांची कचेरी, बावीस वर्षं वर आणि खाली. सुरुवातीला लिफ्टमध्ये एक स्टूल होतं. मग एका नव्या अधिकाऱ्याच्या डोळ्याला बसलेला लिफ्टमन खुपायला लागला आणि स्टूल गेलं. तेव्हापासून तो उभा. चार महिन्यांपूर्वी पोटाचं मोठं ऑपरेशन झालं तेव्हा काय ते पाच आठवडे आडवा, की पुन्हा उभा. आता तळमजल्यावरच्या स्वागतकक्षातली जागा रिकामी झाली होती. टेबल, टेलिफोन, वही आणि खुर्ची. हात टेकायची सोय असलेली खुर्ची. तिघांनी अर्ज केले होते. उद्या सकाळी अकराला मुलाखत, कोट घालून यावे, असं नोटिशीत छापलं होतं.

नोटिशीत नसलेली एक गोष्ट मात्र कचेरीत सगळ्यांना पाठ होती. तब्येत पुरती सुधारलेली दिसली नाही, की साहेब प्रेमाने खांद्यावर हात ठेवून म्हणत, "घरी आराम करा." गेल्या वर्षी रखवालदाराला म्हणाले होते. तो अजून आरामच करतोय.

ऑपरेशन झालं हे कचेरीला माहीत होतं. डॉक्टरांनी आतड्याची वाट पोटातून बाहेर काढली आहे आणि डाव्या अंगाला तिथे एक पिशवी चिकटवलेली असते, हे माहीत नव्हतं. ते फक्त नवरा-बायकोला माहीत. मुलीलासुद्धा त्यांनी "पट्टा आहे, टाके भरेपर्यंत" एवढंच सांगितलं होतं.

तिने आडवा टाका घातला, दोरा दातांनी तोडला आणि कोट घडी करून कागदात गुंडाळला.

*

संध्याकाळी कपाटाच्या आरशासमोर नवरा उभा होता आणि मुलगी त्याच्याभोवती गोल गोल फिरत होती. ती दहावीत होती. घरात तिला टकळी म्हणत, आणि ते नाव तिने मनापासून सार्थ केलं होतं. लहानपणी लाजरी-बुजरी होती हे आता कोणाला शपथेवर सांगूनही पटलं नसतं. वक्तृत्वात बक्षीस मिळाल्यापासून तर ती दूधवाल्याशीसुद्धा मुद्देसूद बोलायची.

"ताठ उभे राहा, बाबा. तुम्ही लिफ्टमध्ये नाही आहात."

"लिफ्टमध्ये ताठच असतो मी. झुकलो की चौथ्या मजल्याचं बटण दाबलं जातं."

"ऐका. तीन बटणं. वरचं मर्जीचं, मधलं हक्काचं, खालचं कुणाचंच नाही. पाठ करा."

"वरचं मर्जीचं, मधलं हक्काचं..."

"खालचं कुणाचंच नाही! शेवटचं लावलंत की संपलंच. समोरच्याला तिथल्या तिथे कळतं, या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा कोट घातलाय."

"मग खरंच आहे की ते."

"बाबा!"

आई दारात बसून पाय चोळत होती. तिला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत आणायचा कंटाळा आला.

"बरं, पण खालचं का नाही लावायचं?" नवऱ्याने विचारलं. "एवढं शिवलेलं असतं तर."

टकळीला हेच हवं होतं. तिने पलंगावर मांडी ठोकली. "म्हणजे असं सांगतात हं, खरंखोटं माहीत नाही. कुठल्या तरी राजाचं पोट सुटलं. इतकं, की शेवटचं बटण लागेचना. आता राजाला कोण सांगणार, महाराज, पोट सुटलंय म्हणून? तर दरबारातल्या सगळ्यांनी दुसऱ्या दिवशी आपापलं शेवटचं बटण उघडं ठेवलं. सगळ्यांनी! काडीसारखे होते त्यांनीसुद्धा. मग तीच रीत पडली."

"मास्तर तर म्हणतात घोड्यामुळे," ती दारातून म्हणाली. "घोड्यावर बसताना कोट वर येतो, म्हणून खालचं सोडायचं."

"मास्तरकाकांनी घोडा बघितलाय का कधी?"

नवरा आरशात बघत होता. "घोड्याचं राहू दे. ते दरबारातले... चांगली माणसं होती."

"आता चालून दाखवा. दारापर्यंत. आणि आल्यावर हात पुढे करायचा, नमस्कार साहेब. बसायला सांगितलं की मधलं बटण काढायचं, मगच बसायचं. उठलं की पुन्हा लावायचं. जमेल?"

तो दारापर्यंत गेला, वळला, दोन पावलं आला आणि हात पुढे केला. कोटाचा खालचा पदर बाजूला झाला. शर्टखाली डावीकडे फुगवटा होता. फार नाही, दुमडलेल्या रुमालाएवढा. पण कोटाच्या सरळ काळ्या रेषेत तो बरोबर उठून दिसला. नवऱ्याने हात मागे घेतला आणि पदर तळव्याने पोटाशी धरला. पिशवी हलकेच सळसळली.

खाली रस्त्यावर कोणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती चालू होत नव्हती.

मग तो आरशाकडे वळला आणि शेवटचं बटण लावायला लागला. मान वाकवून, दोन्ही हातांनी. एकदा बटण निसटलं. दुसऱ्यांदा त्याने नखाने काजाची कड चाचपली. तिसऱ्यांदा अंगठ्याने जोरात दाबलं.

"ऑपरेशनपासून बोटांत जोरच राहिला नाही बघ," तो स्वतःशीच म्हणाल्यासारखा म्हणाला. "काज सापडत नाही."

तिचा पाय चोळणारा हात थांबला. हजारभर माणसं अशीच कुठे कुठे आरशासमोर उभी राहिली असतील, आणि आपली बोटं जाड आहेत असं समजून घरातून बाहेर पडली असतील. तिला त्यांचं कधी काही वाटलं नव्हतं. आज दुपारी स्वतःच्या नवऱ्याच्या कोटाला सुई घातली, तेव्हासुद्धा हाताने एकोणीस वर्षांची सवय निमूट पार पाडली होती. हाताला कोणी विचारलंही नव्हतं, की हा कोट कोणाचा आहे.

"काढा तो," ती उठत म्हणाली.

"अगं, राहू दे. हाताने धरीन. फाईल धरीन पोटाशी."

"दोन मिनिटं द्या. काढा, अहो."

तो कोट काढून तिच्या हातात देऊन स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेला. ती कोट घेऊन खिडकीशी बसली. अजून उजेड होता. घरी छिन्नी नव्हती. दुकानात ती ठोकली की एका घावात काम व्हायचं. इथे होती ती टाके उसवायची छोटी कातरी, तिचंही एक टोक मोडलेलं. काज आधी कापून मग शिवायचं असतं. आधी शिवून मग कापायचं म्हणजे टाक्यांच्या दोन रांगांमधल्या दोऱ्याएवढ्या जागेतून चालायचं. एक टाका तुटला की सगळी रांग सुटत जाणार, आणि उद्या अकरा वाजता समोर साहेब.

चष्मा पुसला तरी रेघ दिसेना. काळ्यावर काळं.

मुलगी शेजारी येऊन उकिडवी बसली. तिने कोटाचं कापड दोन्ही बाजूंनी चिमटीत ताणून धरलं, आणि तो दोऱ्याएवढा रस्ता उघडा झाला.

आईने कातरीचं चांगलं टोक आत घातलं. कच्च. मग अर्धा श्वास. कच्च.

"तुला कधीपासून माहीत आहे?" तिने मान वर न करता विचारलं.

"बाथरूमची खिडकी रोज सकाळी कोण उघडतं, आई?"

कातरी थांबली. चार महिने तिला वाटत होतं, नवराच उघडतो. नवऱ्याला वाटत असणार, ती उघडते.

"बोलली नाहीस कधी."

"तुम्ही पट्टा म्हणालात ना. मग मीपण पट्टाच म्हटलं." टकळीने पहिल्यांदा वाक्य लहान केलं. "हलवू नकोस, आई. उजवीकडे अजून दोन धागे आहेत."

दोन धागे कापले गेले. काज उघडलं. कड जरा पिंजली होती, तिथे तिने तीन टाके घेतले. कोट खिडकीसमोर धरला. तीन काजांतून संध्याकाळच्या उजेडाचे तीन ठिपके दिसले.

नवरा आला तेव्हा मुलगी पुन्हा आरशाशी कंबरेवर हात ठेवून उभी होती.

"बाबा, मघाशी मी चुकीचं सांगितलं. ते जुनं झालं सगळं. आता तिन्ही लावतात."

"हो? ही कधीपासूनची पद्धत?"

"नवीनच आहे. अजून सगळ्यांपर्यंत पोचली नाही. कोणी हसलं तर समजायचं, ते मागे राहिलेत."

त्याने कोट घातला. पहिलं लावलं, दुसरं लावलं. तिसऱ्याशी हात जरा बिचकला. मग बटण सरळ आत गेलं. त्याने ते पुन्हा काढलं आणि पुन्हा लावलं.

"कोणी काढली ही पद्धत?" आरशातून मुलीकडे बघत त्याने विचारलं.

"आहेत काही माणसं."

"चांगली दिसतात," तो म्हणाला.

*

दुसऱ्या दिवशी दुकानात तिच्यासमोर कुणा वकिलाचा कोट होता. बारा वाजून गेले होते. पहिलं काज तिने दोनदा उसवून पुन्हा घातलं. रात्रभर झोप लागली नव्हती. आता बाराच्या उन्हात ती पापण्यांवर येऊन बसली होती आणि उठायला तयार नव्हती. मास्तर एकदा घड्याळाकडे बघत, एकदा तिच्याकडे, आणि मग कातरीला उगाच तेल देत.

मुलगी दारातून आत आली ती शाळेच्या गणवेशात, पाठीवर दप्तर, धापा टाकत. तिची शाळा साडेबाराची. बाबांना कचेरीच्या पायरीपर्यंत सोडायला गेली होती, आणि अर्थातच पायरीवर न थांबता आतल्या बाकापर्यंत गेली होती.

"झाली मुलाखत. बाहेर आल्यावर बाबांनी सगळं सांगितलं. तिघं साहेब होते. एक जाडे, एक चष्मेवाले आणि एक नुसते मान हलवणारे."

"काय विचारलं?"

"फोन कसा उचलाल, कोणी आरडाओरडा केला तर काय कराल, असंच. बाबा म्हणाले, आरडाओरडा करणाऱ्या माणसांना मी बावीस वर्षं सातव्या मजल्यापर्यंत नेतोय, वर पोचेपर्यंत ती शांत होतात. तर तिघं हसले. मान हलवणारेसुद्धा." तिने श्वास घेतला. "मग ते चष्मेवाले म्हणाले, एक सांगू का, राग मानू नका, कोटाचं शेवटचं बटण उघडं ठेवायचं असतं."

मास्तरांच्या हातातली तेलाची बाटली तशीच राहिली.

"मग?" आई म्हणाली.

"मला वाटलं, बाबांनी माझी नवी पद्धतच सांगितली की काय! तिथल्या तिथे मेले असते मी. पण बाबा म्हणाले..." मुलीने आवाज खाली आणला. तो हुबेहूब बापाचा झाला, थकलेला आणि जपून टाकलेला. "म्हणाले, साहेब, माझ्या बायकोने केलेली काजं आहेत. तिन्ही चालतात."

दुकानात पंखा फिरत होता. त्याचं एक पातं गेली दोन वर्षं कुरकुरत होतं, ते कुरकुरलं.

"मग साहेब काय म्हणाले?"

"जाडे साहेब म्हणाले, बसा."

"बसले?"

"बसले. बटणं न काढता. तिन्ही लावलेली."

"तुटलं नाही ना गं काही?"

"बटण ताणलं जाम. बाबा म्हणाले, खालच्या काजावर सगळा भार आला. पण काज नाही हललं."

आईने हातातला वकिलाचा कोट मांडीवर सारखा केला. सारखा होता तरी केला. "आणि जागेचं?"

"परवा कळवतील." मुलीने दप्तर सावरलं. "आता लिफ्टवर गेलेत ते. सहापर्यंत. जाते, मला पहिला तास बुडवायचा नाही, आज माझं भाषण आहे."

ती आली तशी गेली. काचेपलीकडे तिची वेणी रस्ता ओलांडताना दिसली, मग दिसेनाशी झाली.

मास्तरांनी तेलाची बाटली जागेवर ठेवली. टेबलाच्या पलीकडे उभे राहून ते खाली मान घालून स्वतःच्या कोटाशी काहीतरी करत होते. हा कोट ते उन्हाळ्यातही घालत. दुकानाची पाटीच ती, असं म्हणत. त्यांचा अंगठा शेवटच्या बटणावर होता. त्यांनी एकदा दाबलं, काजाची कड चाचपली आणि पुन्हा दाबलं. मग थांबले.

"मापं मीच घेतली होती," ते म्हणाले. तिच्याकडे बघून नाही, टेबलावरच्या टेपकडे बघून. "डावीकडे अर्धा इंच सोडला. आणि काज बंद ठेवलं."

तिने सुई कापडात खोचून ठेवली.

मास्तरांनी कोट उतरवला. नुसत्या शर्टात ते एकदम बारीक दिसले, खांदे पडलेले, दुकानातलंच कोणी दुसरं माणूस असल्यासारखे. त्यांनी कोट तिच्या टेबलावर वकिलाच्या कोटाशेजारी ठेवला आणि वर छिन्नी ठेवली.

"सवड झाली की बघा जरा."

"तिसरं?"

"तिसरंच."

ते वळून कापायच्या टेबलाकडे गेले आणि पाठमोरे उभे राहून खडूला धार काढायला लागले. तिने वकिलाचा कोट बाजूला केला, चष्मा पदराला पुसला आणि मास्तरांच्या कोटाची ती जुनी शिवण उजेडाकडे धरली. टाके तिचेच होते. एकोणीस वर्षांपूर्वीचे, फर्मानाच्या पहिल्या दिवसाचे. फार दाट घातले होते तेव्हा.

तिने छिन्नी रेघेवर उभी केली.